एक्केचाळीसावा वाजवणारा

"चाळीस जण वाजवून राह्यले, पन रेकॉर्डिंगच्या मशीनमधी आवाज एक्केचाळीसांचा येते. आन् तो एक्केचाळीसावा हाये ना, तो..."

चंदा एवढं बोलली आणि चक्कीवाल्याने पट्टा चढवला. पुढचं सगळं ज्वारीबरोबर दळून गेलं.

अर्धी बातमी घेऊन मला घरी जाता येत नाही. डबा तिथेच ठेवला आणि पोंभुर्ण्याच्या बंद राईस मिलचा रस्ता धरला. शेजारची दिव्यानी सकाळपासून तिथेच होती. तिचा रॉक बँड आहे. आमच्या गल्लीला तो लग्नाचा बँड वाटला, दोन वरातींची बोलावणीसुद्धा आली. पोरीने दोन वर्षं पत्रं पाठवून शहरातल्या सिम्फनी ऑर्केस्ट्राला आपल्या गाण्यात वाजवायला राजी केलं होतं. मिलच्या उंच शेडमध्ये आवाज छान घुमतो, म्हणून रेकॉर्डिंग तिथे. मिळाला एकच दिवस. पाचला त्यांची गाडी निघणार.

आत कोंड्याचा शिळा वास. उन्हातून आल्यामुळे आधी नुसता अंधार दिसला. मग माणसं दिसली, सगळी काळ्या कपड्यांत, श्वास धरून बसलेली. समोर एक जण हातात बारीक काडी घेऊन उभा. स्वतः काहीच वाजवत नव्हता, आणि सगळे त्यालाच भीत होते.

"भूत उतरवणारा बोलावला काय वं?" मी दिव्यानीच्या कानात कुजबुजले.

"काकू, कंडक्टर हायेत ते!"

"कोणत्या गाडीचे?"

काडी हलली. गिटार, ड्रम, व्हायोलिनं एकदम उठली. अंगावर काटा आला. शेवटी त्याने मूठ आवळली, सगळे थांबले.

एक सूर थांबला नाही.

वर पत्र्याखालून, भसाडा, लांबलचक... हूंऽऽऽ... वटवाघळं फडफडली. रेकॉर्डिंगवाल्या हेमराजने कानावरचे हेडफोन भिरकावले.

"आठवी खेप हाये," दिव्यानी रडकुंडीला आली. "साडेचार झाले, काकू. हे गेले का परत नाई येत."

तो आवाज मी ओळखला. सोमाजीभाऊ! मिलचा भोंगा तीस वर्षं त्यांनीच वाजवला. मॅनेजरने हात खाली केला तरी सोडायचे नाहीत. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. भोंगाही भंगारात गेला, भिंतीला नुसतं भोक उरलंय.

मी सरळ भोकाखाली गेले.

"सोमाजीभाऊ," मी म्हटलं, "मॅनेजर बदलला हाये. आता त्या काडीवाल्याकडं पाहा. मूठ बंद झाली का सोडा. पोरीचं काम हाये... आयकून राह्यले ना?"

भोकातून फक्त गार हवा आली. भर मे महिन्यात.

पुन्हा काडी हलली. शेवटच्या ओळीला तो सूर आलाच, पण खालून, जाड, सगळ्या व्हायोलिनांना कडेवर घेतल्यासारखा. मूठ आवळली. सूर जागच्या जागी तुटला.

कंडक्टरने घाम पुसला. दिव्यानी माझ्या गळ्यात पडली. पाचला गाडी गेली, गाणं मशीनमध्ये राहिलं.

एक्केचाळीसावा आहे खरा, पण गुणाचा आहे, हे चंदाला सांगायला मी निघाले, तर हेमराजने हाक मारली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काकू... हे आयका."

मी हेडफोन लावले. सूर तुटला. शांतता... मग अगदी कानाशी बांगड्या वाजल्या, आणि एक बाई हळूच हसली.

"जमलं नं जी आज तुमाले..."

वाजवणाऱ्या बायांची मनगटं रिकामी होती. दिव्यानी बांगड्या घालत नाही. मी भिंतीपाशी, श्वास रोखून उभी होते.

सोमाजीभाऊ जन्मभर एकटे. पंचवीस वर्षं आमची भिंतीला भिंत. त्यांच्याकडे कोण येतं, कोण जातं, सगळं मी पाहिलेलं.

मग ही कोण?