दोन्ही कानांमागची गाठ

बागेतून चाललेल्या त्या अनोळखी माणसाच्या घोट्याला गोधडी नावाच्या कुत्रीनं नाकानं ढोसलं, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा ढोसलं. चुकवता चुकवता तो थेट तिच्या मालकिणीच्या बाकापाशी येऊन उभा राहिला.

"मला खरं तर तिकडे जायचं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे." तिनं ओशाळून पट्टा ओढला. "हिचा बाप मेंढ्या राखणाऱ्या जातीचा. मेंढ्या मिळत नाहीत, म्हणून ही माणसं वळते."

"आणि आई?"

"मांडीवर बसणाऱ्या जातीची."

तो बाकावर टेकला आणि गोधडीनं लगेच आईचा गुण दाखवला. एक कान ताठ, एक लोंबता, डोळे अर्धे मिटलेले. त्यानं गोधडीच्या केसांत बोटं घातली.

"वर सरळ केस, आत कुरळी लोकर... गाठी फार होणार. दर आठवड्याला माणूस लावून विंचरायला हवं. मी घरी येतो. माझा धंदाच आहे तो."

असा तो कंगवेवाला दर शनिवारी येऊ लागला. केस टोकाकडून मुळाकडे सोडवायचे, अंघोळीनंतर लोंबता कान आतून कोरडा करायचा, एकटं ठेवायचं तर जुन्या टॉवेलात खाऊ गुंडाळून द्यायचा, म्हणजे शोधण्यात तिचं डोकं गुंततं आणि उशा वाचतात. तो सांगायचा, ती ऐकायची. म्हणजे, बघायची... त्याच्या पापणीवर अडकलेला लोकरीचा धागा.

"माझे केस इतके पिकले, पण घरी येऊन कुणी विंचरले नाहीत बाई," तिची आत्या स्वयंपाकघरातून म्हणायची.

तो निघाला की गोधडी उंबऱ्यात आडवी पडायची. घरात शिरलेलं माणूस कळपातून गेलेलं तिला खपत नसे.

पण विंचरणं ती शिकली फार चांगलं. रोज कंगवा फिरवू लागली आणि एका शनिवारी तो म्हणाला, "आज काही कामच नाही." आणि लवकर गेला.

पुढच्या शुक्रवारी तिनं आत्याची नजर चुकवून गोधडीच्या कानामागची थोडी लोकर ओली केली आणि गाठ होईपर्यंत दोन बोटांत पिळली. चष्म्याच्या कारखान्यात ती भिंगांच्या जोड्या तपासायची. डावं-उजवं जुळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिनं दुसऱ्या कानामागेही पिळली.

बरेच शनिवार बरे गेले. मग एकदा त्यानं आल्या आल्या सांगितलं, "पुढच्या वेळेपासून माझ्या दुकानातल्या ताई येतील. गावाच्या त्या टोकाला नवीन दुकान टाकतोय. मला घरोघरी जाणं जमणार नाही."

"अरे वा," ती म्हणाली.

त्यानं कंगवा काढला. बोटं कानामागे गेली आणि थांबली.

"एक विचारू? ही खाजवते फक्त डाव्या पायानं. मग उजव्या कानामागे गाठ कशी? आणि तीही डावीकडच्या गाठीच्या जोडीची..."

तिचे कान तापले. "कधी कळलं?"

"पहिल्याच खेपेला."

"मग बोलला नाहीत ते?"

"बोललो असतो तर गाठी बंद झाल्या असत्या."

गोधडीनं कंटाळून जांभई दिली. आता बोललं नाही तर असा शनिवार पुन्हा यायचा नव्हता.

"मीही एक विचारते. गोधडीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, घरी रोज विंचरत असाल तर बाहेरचा माणूस दीड महिन्यातून एकदा पुरे. मग दर आठवड्याला कशासाठी?"

कंगवा हवेतच राहिला.

"डॉक्टरबाईंचं बरोबर आहे," तो हळूच म्हणाला.

"आणि तुमचं?"

"माझं काय... मी बागेतून वळवून आणलेलं मेंढरू." त्यानं कंगवा पिशवीत टाकला. "दुकान शनिवारी बंद ठेवणार आहे. पिशवी न घेता आलो तर चालेल?"

"ये," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'या' नाही, 'ये'. तिच्या बोटांवर त्याची बोटं आली, लोकर लागलेली, ऊबदार.

गोधडी उठली आणि स्वयंपाकघरात गेली. क्षणभरानं आत्या पाठमोरी, हातात चहाचा कप सावरत, ढोसण्या खात बाहेर आली.

"अगं, ही मला का ढकलतेय?"

"साक्षीदार हवा असेल तिला," ती म्हणाली. हात तिनं सोडवला नाही.

आत्यानं दोघांकडे पाहिलं आणि शांतपणे खुर्ची ओढून बसली. तेव्हा कुठे गोधडी निवांत आडवी झाली... उंबऱ्यात नाही, खोलीच्या मधोमध.