तुमची विडी, तिचं कपाळ

एका बंद कारखान्यातून जुनं पोस्टर आणायचं, एवढंच काम होतं. चिंचवडच्या त्या कारखान्यात माझे बाबा पेंटर होते. कामगारांची विडी सुटावी म्हणून त्यांनी ते हातानं रंगवलं होतं. मीही डिझाइनचंच काम करते. आरोग्य-मोहिमांच्या जुन्या पोस्टरांच्या प्रदर्शनात मला ते लावायचं होतं.

‘तुमची विडी, तिचं कपाळ.’ त्यातल्या ‘विडी’ची शिरोरेखा म्हणजेच एक जळती विडी. खाली पांढऱ्या साडीतली, मोकळ्या कपाळाची बाई.

ती माझी आई. आजी कळवळून म्हणाली होती, “जित्या नवऱ्याच्या बायकोला असं बसवतात का रे?” पण आईनं हसत कुंकू पुसलं आणि बसली. समोर रंगवणाऱ्या बाबांच्या ओठांत तेव्हाही विडी होती. पुढच्याच वर्षी फुप्फुसाच्या दुखण्यानं ते गेले. मी नऊ वर्षांची होते. आईनं त्या पोस्टरचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

वॉचमन बबनरावांनी कँटीनचं कुलूप काढलं. भर दुपारी आत गारठा होता, आणि टर्पेंटाइनचा ताजा वास...

पोस्टरमधल्या साडीला खालून हिरवा रंग चढला होता. गुडघ्यापर्यंत.

“हे कोणी रंगवलं?”

बबनराव पोस्टरकडे बघेनात. “मी कामाला आलो तवा समदं पांढरं हुतं, ताई. किल्ली माझ्याकडंच असती... घिऊन जा तुमी.”

चऱ्होलीला आमच्या फ्लॅटवर आणून मी ते भिंतीवर लावलं. मोतीबिंदूमुळे आईला दिसत नव्हतं. तिनं फक्त वास घेतला, चाचपडत खुर्ची ओढली आणि पोस्टरसमोर ताठ बसली. हनुवटी किंचित वर.

“आई, जेवून घे ना.”

“श्श... हलू नको म्हणालेत.”

“कोण?”

मी स्वयंपाकघरात गेले, तर तिचं कुजबुजणं कानी आलं. “रडू नका हो... हात हलतो तुमचा. मला कुठं राग आहे?”

आणि मग कुणीतरी खोकलं. छातीतून, ओलं... बाबांसारखं.

बाहेर आले तेव्हा आई तशीच बसली होती. हनुवटी वर, डोळे मिटलेले. हात लावला, तर थंड. पोस्टरमधली साडी खांद्यापर्यंत हिरवी झाली होती. चित्रातल्या कपाळावर कुंकू होतं, अजून न वाळलेलं. मी आईच्या पायांशी बसून खूप रडले. ती मात्र कितीतरी वर्षांनी शांत दिसत होती.

तेरावं झाल्यावर पोस्टर गुंडाळायला घेतलं. आईशेजारच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीच्या बारीक रेघा उमटल्या होत्या. खुर्चीवर बसलेली एक बाई. पोक काढलेले खांदे, कानामागे सारलेले केस, डोळ्यांवर चष्मा.

बाबांनी मला चष्म्यात कधीच पाहिलं नव्हतं.