रवी काय म्हणाला

खामगावहून आलेली काळीपिवळी जीप पिंपळगाव राजाला थांबली, तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. प्रसेनजितनं आधी पाठीवरची मोठी पिशवी खाली घेतली, मग तो उतरला. पिशवी त्याची नव्हती, रवीची होती. आत रवीचे कपडे होते, दाढीचं सामान होतं आणि बंद पडलेला मोबाइल होता. ती रवीच्या आईवडिलांच्या हाती द्यायची, चहा घ्यायचा आणि दिवसाउजेडी आपल्या घरी, धाड या गावी निघायचं. काम एवढंच होतं.

एवढंच काम करायला त्याला सात आठवडे लागले होते. रवीची पेटी विमानानं आली, गावाबाहेर चिता पेटली, तेरावं झालं, तरी हा आला नाही. रजा मिळत नाही, असं त्यानं फोनवर कळवलं होतं. रजा मागितलीच नव्हती.

दोघं शेगावच्या कॉलेजात चार वर्षं एकाच खोलीत राहिलेले. पुढे प्रसेनजित जर्मनीत, म्युनिकला नोकरीला लागला आणि सहा वर्षांनी त्यानंच शब्द टाकून रवीला तिथं बोलावून घेतलं. रवी तिथं पोचल्याला तीन महिनेही झाले नव्हते. ऑफिसात कामापुरतं इंग्रजी तो रेटून न्यायचा, जर्मनचा मात्र एक शब्द त्याला येत नव्हता. बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं. गाडीत बसून आईला फोन लावला, की सगळा डबा वळून बघायचा. प्रसेनजित तेव्हा खिडकीबाहेर पाहत राहायचा, जणू शेजारचा माणूस कुणी परकाच आहे.

घराचं दार उघडंच होतं. गुलाबराव ओसरीत खाटेवर बसले होते. त्यांनी उठून पिशवी घेतली, भिंतीशी टेकवून ठेवली आणि म्हणाले, "ये बाबू. हातपाय धू."

शालूबाईंनी ताट वाढलं. भाकरी, भेंडीची भाजी, ठेचा. पिशवीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. प्रसेनजितनं पहिला घास मोडला, तेव्हा त्या समोर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाबू, शेवटी काय बोलला रे तो?"

या प्रश्नाचं उत्तर तो विमानात घोकून आला होता. "काकू, फार धुकं होतं. काही ऐकू आलं नाई."

त्या त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. आणि त्याच्या तोंडातला घास तिथंच फिरत राहिला, कारण त्याला सगळं ऐकू आलं होतं.

तो रविवार होता. सहा वर्षांत पहिल्यांदाच साहेबानं, क्लाउसनं, त्याला डोंगरावर सोबत चल म्हटलं होतं. ऑस्ट्रियाच्या बाजूला आल्प्समध्ये डोंगरांच्या उंच धारांवरून लोखंडी वाटा काढलेल्या आहेत. उभ्या कड्याला पोलादी दोर ठोकलेला असतो, पाय ठेवायला लोखंडी आकडे. कमरेच्या पट्ट्याला दोन हुक. दोन्ही दोरात अडकवायचे आणि सरकत राहायचं. वाटेत दोर धरून ठेवणारा खिळा आला की एक हुक काढून खिळ्यापलीकडं लावायचा, मग दुसरा. दोन्ही एकदम कधी काढायचे नाहीत, एवढा एकच नियम. रवी हट्टानं सोबत आला. प्रसेनजितला तो यायला नको होता, पण तसं तोंडावर सांगता आलं नाही.

दहाच्या सुमारास ते धारेवर चढले आणि खालून धुकं आलं. पाहता पाहता दोन्ही बाजूंची दरी पुसून गेली. ओल्या लोखंडाचा वास हाताला, नाकाला, जिभेलाही लागला. पुढं क्लाउस, मध्ये प्रसेनजित, मागं रवी. मागं म्हणजे नुसता आवाज. टक्... टक्. खिळा ओलांडला की दोन हुकांचे दोन आवाज.

एका उभ्या शिडीच्या वर पोचल्यावर खालून हाक आली.

"जित्या, थांब बे. माहे पाय कापून राह्यले. मले हुक लावता येत नाई."

इंग्रजी त्याला येत होतं. पण भीती दाटली की माणूस आईच्याच बोलीत ओरडतो. कड्यावरून ती बोली घुमली. वरून उतरणारं एक जोडपं थांबून ऐकू लागलं. क्लाउस वळला. "काय म्हणतोय तो? मदत हवीय का?"

प्रसेनजितचे कान तापले. भीती नव्हती ती. लाज होती. आपला माणूस असा गावच्या बाजारात ओरडल्यासारखा ओरडतोय आणि हे गोरे लोक ऐकताहेत, याची लाज.

"एर फिन्डेट एस शोन," तो हसून म्हणाला. म्हणजे, त्याला छान वाटतंय.

क्लाउसही हसला. धुक्याकडं पाहून त्यानं अंगठा वर केला आणि पुढं चालू लागला.

"जित्या..." खालून पुन्हा आवाज आला. या वेळी बारीक. "काऊन बोलत नाई बे?"

प्रसेनजित बोलला नाही. पुढचा खिळा आला होता. त्यानं एक हुक काढला, पलीकडं लावला.

मग मागं काही वेळ सगळं शांत होतं. आणि थोड्या वेळानं, टक्... टक्. आला म्हणायचा. प्रसेनजितच्या छातीवरचं ओझं उतरलं. तासभर तो आवाज त्याच्या मागं येत राहिला, ना जवळ ना लांब. शिखराची खूण म्हणून माथ्यावर उभारलेला क्रूस धुक्यातून दिसू लागला, तेव्हा मागून रवी अगदी शांतपणे म्हणाला, "जित्या, मी येऊन राह्यलो."

क्लाउसनं विचारलं, आता काय म्हणतोय? प्रसेनजितनं या वेळी खरं तेच सांगितलं. येतोय म्हणाला.

ते बारा वाजेपर्यंत क्रूसाशी थांबले. आवाज बंद झाला होता. धुकं हललं, मागची धार दूरवर उघडी पडली आणि तिच्यावर कुणीच नव्हतं.

रवी दुसऱ्या दिवशी सापडला, त्या शिडीच्या थेट खाली. दोन्ही हुक त्याच्या पट्ट्याला मोकळेच लोंबत होते. हात कापत असताना त्यानं दोन्ही एकदम काढले असावेत, असं शोधपथकातला माणूस म्हणाला. मनगटावरच्या घड्याळानं हृदयाचे ठोके दहा वाजून पन्नास मिनिटांपर्यंत मोजले होते, पुढं नाही. क्लाउसनं ते दोनदा विचारून घेतलं. मग त्यानं प्रसेनजितकडं पाहिलं, आणि त्या दिवसानंतर तो त्याच्याशी कामाशिवाय बोलला नाही. कारण ते टक् टक् त्यानंही ऐकलं होतं.

"जेव ना," शालूबाई म्हणाल्या.

"हाव काकू."

"मले एक विचारायचं होतं. तुले तिकडची भाषा येते." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "त्या दिवशी, साडेतीन वाजले असतीन, मी त्याचा आवाज ऐकला. रवीचाच. माय काही चुकत नाई. पण बोलला ते तिकडचं. तीनतीनदा तेच बोलला, म्हणून ध्यानात राह्यलं. याले म्हणून दाखवलं, त्याले म्हणून दाखवलं, इथं कोणाले समजत नाई."

"काय बोलला?"

त्यांनी डोळे मिटले. शाळेतल्या पोरीनं पाठ केलेलं म्हणावं, तसं एकेक अक्षर लावत त्या म्हणाल्या, "एर... फिंडे... एस शोन."

प्रसेनजितचा हात ताटात राहिला. इथले साडेतीन म्हणजे तिकडचे बारा. रवीला ही भाषा येत नव्हती. आणि येत असती, तरी कुठला माणूस स्वतःबद्दल 'त्याला' म्हणून बोलेल?

"मतलब काय रे त्याचा?" शालूबाईंनी विचारलं.

'छान वाटतंय' एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. आईला ते आयुष्यभर पुरलं असतं. तेच शब्द त्याच्या ओठांवर आले. पण हेच खोटं याच तोंडातून दुसऱ्यांदा काढायचं, तेही तिच्यासमोर, हे त्याला जमेना. त्यानं ताट बाजूला सारलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. शिडी, हाक, ते थांबलेलं जोडपं, क्लाउस. रवी काय म्हणाला आणि आपण काय सांगितलं.

बराच वेळ चुलीतल्या तुराट्या तडतडत राहिल्या.

"तुले त्याची लाज वाटली?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"हाव, काकू."

त्या उठल्या. त्याचं ताट पुन्हा त्याच्यापुढं सरकवलं, त्यात गरम भाकरी टाकली आणि म्हणाल्या, "उष्टं टाकू नोको." मग आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

त्यानं ती भाकरी खाल्ली. कशी खाल्ली, त्याचं त्याला माहीत.

गुलाबराव त्याला जीपपर्यंत सोडायला निघाले. रस्ता त्यांच्या वावराच्या कडेनं जात होता. कमरेच्या वर गेलेली भेंडी, पलीकडं सोयाबीन, नजर पोचेल तिथवर सपाट रान. ना झाड, ना टेकडी. चारचा लख्ख उजेड होता.

काहीतरी बोलायचं म्हणून प्रसेनजितनं विचारलं, "काका, रवीचा मोबाइल तर खाली गाडीतच राहिला होता. काकूंना फोन आला कुठून?"

गुलाबराव चालायचे थांबले.

"फोन कुठं आला, बाबू? आमचा फोन तं घरी असते. आमी तर दोघंबी इथं होतो, भेंडी तोडत." त्यांनी वावराच्या मधल्या सरीकडं बोट दाखवलं. "मीबी ऐकलं. तिले म्हटलं नाई, ती उगा भेईल म्हणून."

"मग आवाज... कुठून आला?"

गुलाबरावांनी बोट खाली घेतलं.

"वरून," ते म्हणाले. "लय उंचावरून. एखादा माणूस खाली वाकून सांगते ना, तसा."

आणि सपाट रानावरच्या त्या मोकळ्या आभाळाखाली ते दोघं जीपची वाट पाहत उभे राहिले. दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही.