बिनवासाचं तेल

"आच्छी—!"

रोह्याहून सुटलेली एसटी नागोठण्याच्या पुढे आली, तरी नमिताच्या शिंका थांबत नव्हत्या. ओढणी नाकाला लावून झाली, खिडकीची काच सरकवून झाली. वाऱ्याने तिच्या कपाळावरची बट भुरभुरत होती आणि शेजारून चमेलीचा भपकारा येतच होता... तिने हळूच पाहिलं. भरघोस काळी दाढी, आणि ती तेलाने अशी चमकत होती, जणू आत्ताच कुणीतरी वार्निशचा हात मारलाय!

"सर्दी झालीय का तुम्हाला?" दाढीवाल्याने काळजीने विचारलं.

"नाही... आच्छी! तेल झालंय."

"काय?"

"तुमच्या दाढीचं तेल हो. फार... फार वासाचं आहे."

त्याचे कान लाल झाले. तो उठला आणि मागे जागा असूनही दाराजवळ दांडी धरून उभा राहिला. नमिताला वाईट वाटलं. उतरताना 'सॉरी' म्हणायचं तिने ठरवलं होतं, पण पेणच्या स्टँडवर तो गर्दीत कधी मिसळला ते कळलंच नाही.

पेणच्या बाजारातल्या एका मेडिकलमध्ये नमिता काउंटरवर होती. त्याच आठवड्यातली एक रणरणती दुपार. ती खाली वाकून कपाट लावत होती, तेवढ्यात वरून आवाज आला.

"बिनवासाचं तेल हाय का? दाढीला लावायला."

ती उभी राहिली. दोघंही एकमेकांकडे बघतच राहिले.

"माझ्यामुळे?" तिने विचारलं.

"तुमच्यामुळे कशाला... एसटीतल्या लोकांना त्रास नको म्हणून."

"सगळे शिंकत होते?"

"नाय," तो दाढीत हसला, "एकच शिंकत होती."

आता नमिताचे कान तापले. तिने उगाचच दोन बरण्या इकडच्या तिकडे केल्या.

त्याचं नाव दिनानाथ म्हात्रे. हमरापूरला त्याचा गणपतीचा कारखाना होता. दिवसभर मूर्ती घासायच्या, त्यामुळे प्लास्टरची धूळ दाढीत जाऊन बसायची. केस काथ्यासारखे राठ झालेले, आतली कातडी सुटलेली, आणि खाजवून खाजवून जीव नकोसा.

"मोहरीचं लावून बघितलं, झोंबलं. खोबरेल थापलं तर धूळ अशी चिकटली की कारागीर म्हणाले, शेठ, तुमचापण साचा काढायचा काय?"

नमिता खळखळून हसली. मग तिने बदामाच्या तेलाची छोटी बाटली काढली, झाकण उघडून आधी स्वतः हुंगली, जरा थांबली. शिंक आली नाही.

"हे चालेल. पण थापायचं नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावा, एक दिवस बघा. खाज, पुरळ नाही आलं तरच दाढीला. आणि कामाच्या आधी नाही, काम झाल्यावर. धूळ धुवायची, टॉवेलने टिपायचं, दाढी थोडी ओलसर असतानाच दोन-तीन थेंब तळव्यांवर चोळून बोटांनी मुळाशी लावायचं. मग फणी फिरवायची. काम करताना तोंडाला फडकं बांधा."

"एवढं सगळं दाढीला?"

"मग काढून टाका की."

त्याचा हात आपसूक दाढीकडे गेला. "ते नाय जमणार," म्हणाला आणि बाटली घेऊन गेला.

पण तो पुन्हा आला. कोपराला पुरळ आलं नाही, हे सांगायला आला. मग मोठ्या दातांची फणी बरी की बारीक, ते विचारायला. पुढच्या वेळी तर काहीच विचारायला नव्हतं. काउंटरशी उभा राहून नुसता म्हणाला, "मऊ झालीय."

"हो का? मला कसं कळणार?" नमिता बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तिने जीभ चावली. तो मात्र बाहेर पडेपर्यंत हसत होता.

एकदा दुकानात कुणी नसताना तिने विचारलंच, "दाढीवर एवढा का जीव?"

दिनानाथ काउंटरच्या काचेवर बोट फिरवत राहिला.

"बाबा गेले तेव्हा घरात आई नि मी, कारखाना माझ्यावर आला. माझा चेहरा... लहान पोरासारखा हाय. व्यापारी यायचे नि विचारायचे, घरात मोठं कोण हाय? मीच मोठा म्हटलं की हसायचे. मग दाढी वाढवली. तेव्हापासून कोणी विचारत नाय."

नमिताला त्या क्षणी त्या काचेवरच्या बोटावर आपला हात ठेवावासा वाटला. बोटाला पिवळा रंग लागलेला होता. तिने हात ठेवला नाही... पण तिचं मन तिथेच राहिलं.

चैत्र सरता सरता त्यानेच विचारलं, "तुमच्या घरी आलो तर?"

"या," ती म्हणाली. मग हसत पुढे म्हणाली, "पण आमचे बाबा म्हणतात, दाढीवाला माणूस काहीतरी लपवतो."

हे ती गमतीत म्हणाली होती. त्याने ते मनावर घेतलं.

ठरल्या रविवारी आपल्या मामांना घेऊन तो रोह्याला तिच्या घरी आला, तेव्हा नमिता पोह्यांच्या बशा घेऊन दारातच थबकली. दाढी नव्हती! गुळगुळीत गाल, हनुवटीला बारीक खळी, शाळेत बक्षीस घ्यायला उभा असावा तसा अवघडलेला चेहरा. तिला हसू फुटलं. तिने तोंड फिरवलं, पण त्याने पाहिलं होतं.

तिचे वडील, पुंडलिकराव, धाटावच्या कंपनीत फोरमन होते. त्यांनी मामांनाच विचारलं, "मुलगा मागून येतोय का? हे धाकटे वाटतं?"

"मीच दिनानाथ," तो म्हणाला.

पुंडलिकरावांनी पुढे फारसं काही विचारलं नाही. पाहुणे गेल्यावर बायकोला, विमलबाईंना म्हणाले, "पोरगा गुणी दिसतो, पण अजून पोरच हाय. कारखाना मामाच चालवत असणार. आपल्या मुलीने कोणाच्या जिवावर जायचं?"

त्यानंतर दिनानाथ मेडिकलमध्ये आला नाही. दाराशी सावली पडली की नमिता मान वर करायची. दरवेळी कोणीतरी खोकल्याचं औषध मागायला आलेलं असायचं. आपलं ते हसणं त्याच्या किती वर्मी लागलं असेल, या विचारात तिची बिलाची बेरीज चुकायची.

शेवटी एका सकाळी चहा देता देता ती वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, कंपनीत माणूस घेताना तुम्ही त्याचा चेहरा बघता की काम?"

"काम."

"मग त्याचं काम बघायला चला."

पुंडलिकराव तिच्याकडे बघत राहिले. पोरगी अशी कधी बोलली नव्हती. कप खाली ठेवत ते म्हणाले, "चल."

हमरापूरला ते पोचले तेव्हा ज्येष्ठातली भुरभुर लागली होती. कारखान्यासमोर एक टेम्पो उभा होता आणि एक व्यापारी तावातावाने बोलत होता. दिनानाथ समोर शांत उभा. दाढीचे खुंट नुकते उगवलेले, हातात ब्रश.

"आत्ताच भरा म्हणतो ना मी!"

"नाय भरणार," दिनानाथ म्हणाला. "हवा दमट हाय, सोवळ्याचा रंग ओला हाय. गाडीत गणपती एकाला एक घासले तर डाग पडेल. लोक त्याला वर्षाचा देव म्हणून घरी नेतात, शेठ. परवा या, मी स्वतः भरून देतो."

"दुसरीकडून नेईन!"

"न्या. पण ओला नाय देणार."

व्यापारी बडबडत टेम्पोत बसला... आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "परवा सकाळी येतो."

दाराशी मूर्ती घासत बसलेल्या हौसा नावाच्या कारागीर बाईकडे पुंडलिकराव वळले. "इथलं सगळं कोण बघतं, बाई?"

"दिनाशेठच," हौसा म्हणाली. "मामा सणाला जेवायला येतात तेवढंच. वडील गेले त्या साली आमचा एकाचापण पगार चुकला नाय."

पुंडलिकराव मूर्तींच्या रांगा बघायच्या निमित्ताने आत लांबवर निघून गेले.

नमिता आणि दिनानाथ पत्र्याखाली उभे राहिले. मधे पावसाचा बारीक आवाज.

"त्या दिवशी हसलात," तो खाली बघत म्हणाला.

"हसले."

"दाढी ठेवायला हवी होती मी."

"अहो, तुम्हाला कळलंच नाही..." ती एक पाऊल पुढे आली. "दारातून तुम्हाला बघितलं नि इतके आवडलात, की काय करावं तेच सुचेना. हसू नाहीतर रडू, काहीतरी येणारच होतं."

त्याने मान वर केली.

"आता काय करू? वाढवू की काढू?"

"तुम्हाला वाटेल ते करा. माझा जीव चेहऱ्यावर नाही, माणसावर जडलाय."

"नमिता..." पहिल्यांदाच त्याने तिला नावाने हाक मारली. "येशील इथे? कायमची?"

"येईन," ती म्हणाली. आणि या वेळी तिने हात पुढे केला. त्याचा रंगाचा हात तिच्या हातात आला, ओला आणि गार.

मागून खाकरल्याचा आवाज आला. दोघांचे हात पटकन सुटले. पुंडलिकराव पावसाकडे बघत छत्री उघडत होते. नमिताच्या तळव्यावरचा ताजा रंग त्यांना दिसला की नाही, कोण जाणे.

"दिनानाथराव," ते म्हणाले, "तुमचा सीझन संपला की आईंना घेऊन या. बोलणी मोठ्या माणसांशी केलेली बरी, पण आमच्यापुरते मोठे तुम्हीच."