अकरा सेकंदांचा तपास

दर रविवारी सकाळी त्या थिएटरात एकच चित्रपट लागायचा, आणि तो पाहायला येणाऱ्या तीसेक माणसांना तो तोंडपाठ होता. काळापांढरा, गुप्तहेराचा. गुप्तहेराला चित्रपटात नाव होतं, पण थिएटरातले सगळे त्याला कोटवाला म्हणायचे. लांब कोट, डोळ्यांवर ओढलेली हॅट, आणि ओठांच्या कोपऱ्यात सिगारेट, जी पहिल्या रिळापासून चौथ्यापर्यंत तसूभरही जळायची नाही. खलनायकाची मिशी दर दुसऱ्या प्रसंगात एका बाजूनं सुटायची. पाऊस सतत पडायचा, पण फक्त कोटवाल्याच्या आसपास. मागची भिंत कोरडी ठणठणीत, कारण पाण्याचा पाइप एकच होता.

ऑपरेटर हा चित्रपट वरच्या केबिनमधून गेली तीस-बत्तीस वर्षं दाखवत होता. केबिनमध्ये दोन मशीन. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. खाली बसलेल्याला सांधा कळता कामा नये. ऑपरेटरचा कधीच कळला नव्हता.

खाली दारावर टॉर्च असायचा. हे माणसाचंच नाव. हातातली टॉर्च तो भरदिवसाही खाली ठेवत नसे. इतकी वर्षं कोटवाल्याच्या संगतीत काढल्यामुळे तो बोलायचाही तसाच.

"या शहरात सगळे खोटं बोलतात, ऑपरेटर," तो चहाचा कप पुढे करत म्हणायचा. "खरा फक्त चहा. आणि तोही आज पाणचट आहे."

चौथ्या रिळात रस्त्यावरचा प्रसंग होता. कोटवाला कोपऱ्यावर उभा आहे, आणि समोरून एक बाई छत्री घेऊन जाते. बस्स, एवढंच. अकरा सेकंद, आणि तेवढ्यात पडद्यावर ती एकटीच. ती बाई म्हणजे ऑपरेटरची बायको. लग्नाआधी एका मैत्रिणीच्या नादानं ती शूटिंगला, गर्दीत चालायला म्हणून गेली होती. गर्दी आलीच नाही, तेव्हा हिला एकटीलाच चालवलं.

ती वारली तेव्हा त्यांची मुलगी चार वर्षांची होती. त्यानंतर दर रविवारी ती पोर पहिल्या रांगेत बसायची, आणि छत्री दिसली की ओरडायची, "बाबा, आई आली." केबिनमध्ये बाबा मान डोलवायचे.

पण फिल्म मशीनमधून गेली की दर खेपेला थोडी घासते. वर्षांमागून वर्षं गेली. मुलगी लग्न होऊन दूर गेली, आणि इकडे बायकोच्या गालावर एक ओरखडा उठला, मग दुसरा. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी ऑपरेटरनं ते अकरा सेकंद कापून घेतले, दोन्ही टोकं जोडून टाकली, आणि तुकडा एका गोल डब्यात ठेवला. चांगली ताटं पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवतात आणि पाहुणे आले तरी काढत नाहीत, तसंच झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पडदा जरासा उडी मारायचा, इतकंच.

आता महिनाअखेरीला थिएटर बंद होणार होतं. मुलीचा फोन आला.

"बाबा, शेवटच्या रविवारी येतेय. माझ्या पोरीला आजी दाखवायची आहे. आजी आहे ना अजून त्यात?"

"आहे की. जाणार कुठे?" ऑपरेटर म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्यानं डबा उघडला. नऊ वर्षं बंद राहून तुकडा सुकला होता, आखडला होता. मशीनच्या दातांत अडकला असता तर फाटला असता. दिव्यासमोर थांबला असता तर वितळला असता. एकदा गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कसं घालवायचं? त्यानं डबा बंद केला. तुकडा केव्हाच तुटला, असं मुलीला सांगायचं ठरवलं.

त्या रविवारी खेळ संपल्यावर टॉर्च वर आला. नेहमीसारखा बोलला नाही.

"कोटवाला आज मागे वळला का हो?"

"कुठे?"

"रस्त्यावर. तो सरळ समोर बघतो ना? आज त्यानं मान वळवली. कुणी येतंय का, असं बघितलं."

"चष्मा बदल," ऑपरेटर म्हणाला.

पुढच्या रविवारी त्यानं स्वतः केबिनच्या झरोक्यातून पाहिलं. कोटवाला कोपऱ्यावर उभा होता. तो खाली वाकला, फरशीवरून बोट फिरवलं, बोट निरखलं. मग खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं. बत्तीस वर्षांत त्याच्यापाशी वही नव्हती.

ऑपरेटर हिशेबी डोक्याचा माणूस. त्यानं ते रीळ दुपारभर टेबलावर उलगडलं आणि भिंगाखाली एकेक चौकट तपासली. कोटवाला सरळ उभा होता. वही नव्हती. सांधा जिथल्या तिथे होता.

तिसऱ्या रविवारी खलनायकाच्या अड्ड्यावर कोटवाल्यानं चोरीच्या हिऱ्यांबद्दल नेहमीसारखं विचारलंच नाही.

"छत्रीवाली बाई कुठे आहे?" त्यानं विचारलं.

खलनायक बावरला. मिशी लोंबत होती, ती सावरायचंही त्याला सुचलं नाही. "आईशप्पथ, मला माहीत नाही," तो म्हणाला. आणि त्यानं हळूच, अगदी हळूच, वर बघितलं. केबिनच्या दिशेनं.

प्रेक्षक हसले. त्यांना वाटलं, दुसरी प्रत आली असेल.

शेवटच्या रविवारी मुलगी तिसऱ्या रांगेत बसली, शेजारी तिची चार वर्षांची पोर. ऑपरेटर डबा पिशवीत घेऊन आला होता. का आणला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पहिलं रीळ नीट गेलं. दुसऱ्यात कोटवाल्याच्या ऑफिसचा प्रसंग. त्यानं खुर्ची फिरवली, पाय टेबलावर टाकले आणि झरोक्याकडे बघत आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं, "मला घाई नसते. वाट बघणं हाच माझा धंदा आहे."

वाक्य चित्रपटातलंच होतं. पण ते आजवर तो खिडकीकडे बघून म्हणायचा.

टॉर्च जिने चढून वर आला. धापा टाकत दारात उभा राहिला.

"ऑपरेटर, त्याला सगळं कळलंय. देऊन टाका."

"फाटली तर?"

"पोर विचारतेय खाली, आजी कधी येणार म्हणून. तिला काय सांगू? आजी डब्यात आहे?"

तिसरं रीळ सुरू झालं. वीस मिनिटं होती. ऑपरेटरनं चौथं रीळ टेबलावर घेतलं, जुना सांधा शोधला आणि कापला. डब्यातला तुकडा तळहातांच्या उबेत धरला. टोकं पात्यानं खरवडली, फिल्म चिकटवायच्या सोल्युशनचा थेंब लावला, दाबलं, दहापर्यंत मोजलं. मग दुसरा सांधा.

ठिपका चमकला. त्यानं दुसरं मशीन सुरू केलं.

रस्ता आला. कोटवाला कोपऱ्यावर.

सांधा दातांवरून गेला. टक् असा बारीक आवाज झाला.

ती आली.

ओरखडे होते. तरी तीच चाल, तोच उजवा खांदा किंचित वर. खाली एक छोटा आवाज म्हणाला, "आजी आली."

कोटवाल्यानं हॅट काढली. तसं तो कुणासाठीच करायचा नाही. त्यानं मान लववली आणि बाई पुढे गेली.

दुसरा सांधा गेला. टक्. फिल्म शाबूत होती. ऑपरेटर स्टुलावर बसला आणि चष्मा पुसत राहिला.

खेळ संपल्यावर मुलगी वर आली. पोर तिच्या कडेवर झोपली होती. तिनं बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग म्हणाली,

"बाबा, आई छत्री सरळ धरायची ना? लहानपणी मी शंभरदा बघितलंय. आज डावीकडे कललेली होती. कुणी शेजारून चालत असावं, तशी."

"जुनी फिल्म आहे," तो म्हणाला. "आखडते."

"तुम्हाला छत्रीत घेऊन चालायची तेव्हा अशीच धरायची. तुम्हीच सांगायचात."

"हो. तुम्ही व्हा पुढे, मी आवरून येतो."

त्या दोघी जिना उतरल्या. खाली टॉर्च एकेक दार लावत होता. ऑपरेटरनं ते अकरा सेकंद टेबलावर घेतले आणि भिंग धरलं.

छत्री डावीकडे कललेली होती. पहिल्या चौकटीत, शंभराव्या, सगळ्याच. आता पाऊस रस्ताभर होता, मागच्या भिंतीवरसुद्धा. फक्त तिच्या डाव्या बाजूला, एका माणसापुरती, फरशी कोरडी होती.

मागे भिंतीला टेकून कोटवाला उभा होता. या तुकड्यात तो कधीच नव्हता. त्यानं सिगारेट पेटवली होती, आणि ती पहिल्यांदाच जळत होती. पहिल्या चौकटीत लांब, शेवटच्या चौकटीत अर्ध्याहून थोडी कमी.

त्याला घाई दिसत नव्हती.