दुसऱ्या पाळीचा शेवट

"पाय घ्या ना जरा..."

"आत्ता?" अंधारातून आवाज आला. "नावाडी भर पुरात होडी घालतोय आणि तुम्ही घरी निघालात?"

"तो येतो परत. मला माहीत आहे."

"आधी पाहिलाय?"

"नाही."

त्याच्या गुडघ्यांवरून पलीकडे जाताना माझी पर्स त्याच्या पॉपकॉर्नमध्ये अडकली आणि सगळा पुडा खाली सांडला. मी सॉरी म्हणायलाही थांबले नाही. बाहेर घाटकोपरला ऑगस्टचा तो रडका पाऊस लागला होता, धड पडतही नाही आणि थांबतही नाही. मला लवकर भटवाडीत पोचायचं होतं. बाबा शेवटासाठी खोळंबले होते.

माझे बाबा, सहदेव परब, गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे, आणि पाळी कायम दुसरी. दुपारचा मॅटिनी सुटायच्या आत गिरणीचा भोंगा व्हायचा, त्यामुळे दुसऱ्या पाळीवाल्यांनी कुठल्याच सिनेमाचा शेवट म्हणून कधी पाहिला नाही. शेवट ते साचेखात्यात जाऊन, साच्यांच्या खडखडाटात एकमेकांच्या कानात ओरडून ठरवायचे. दुसऱ्या पाळीच्या शेवटात कोणी मरत नसे. हिरॉइन शुद्धीवर यायची, हरवलेला भाऊ सापडायचा, व्हिलनसुद्धा सुधारून शेती करायला गावी जायचा.

पुढे गिरणी गेली आणि बाबांना वॉचमनची नोकरी लागली, पण तीही दुपारचीच. मला लहानपणी ते मॅटिनीला न्यायचे, शेवट जवळ आला की उठवायचे आणि घरापर्यंत चालता चालता स्वतःचा शेवट सांगायचे. आता त्यांच्या फुप्फुसांनीच संप पुकारला होता. ऑक्सिजनचं मशीन दिवसभर पलंगाशी गुरगुरत असायचं. मी चष्म्याच्या दुकानात कामाला, सोमवारी दुकान बंद. तेव्हा सोमवारी मी सिनेमाला जायचं, शेवटाआधी उठायचं, आणि बाबांना तिथपर्यंतची गोष्ट सांगायची. पुढची ते सांगणार. खरा शेवट बघून घरी गेले असते, तर माझ्या तोंडावरून त्यांना लगेच कळलं असतं. मला लपवता येत नाही काही.

"इलंस गो?" त्या दिवशी बाबांनी उशीवरूनच विचारलं. नावाड्याचा सिनेमा पुन्हा लागलाय म्हटल्यापासून त्यांना धीर नव्हता. लग्नानंतर आईबरोबर त्यांनी पाहिलेला तो पहिला सिनेमा. आई जाऊनही आता वर्षं झाली होती.

"इले. नावाडी पुरात निघालाय. बायको काठावर उभी आहे. 'येतो' म्हणाला तिला."

"झाला तर मगे!" बाबांनी नाकावरची नळी सारखी केली. "'येतो' म्हणान गेलो मा? 'जातो' म्हणाक नाय. मगे येतलोच."

पुढच्या सोमवारी नवा सिनेमा होता आणि शेजारच्या खुर्चीत तोच पॉपकॉर्नवाला.

"आज पॉपकॉर्न आणलेलं नाही," तो म्हणाला. "तुझी भीती वाटते."

"सॉरी... त्या दिवशी घाई होती."

"घर जळत होतं?"

"बाबा वाट बघत होते."

इंटरव्हलला समोसे त्याने घेतले, चहा मी. नाव सुबोध वानखेडे, मूळ अकोल्याकडचा, राहायला मुलुंडला, नोकरी अंधेरीत, सुट्टी सोमवारची.

"काय करतोस?"

"पाणी."

"टँकरवाला आहेस?"

"सिनेमातलं पाणी, बाई! कॉम्प्युटरवर. पूर, समुद्र, पाऊस. हिरो-हिरॉइन भिजतात ना, ते माझ्या पावसात."

"मग बाहेरचा पण बंद कर ना. कपडे वाळत नाहीत घरात."

"तो माझा नाही. तो जुना स्टॉक."

मी हसले आणि चहा नाकात गेला. खूप दिवसांनी हसले असेन, कारण हसू संपल्यावर एकदम रडू येईल असं वाटलं. म्हणून मग मीच बाबांचं सगळं सांगून टाकलं. पाळी, भोंगा, सोमवार. तो चक्क ऐकत राहिला.

"म्हणजे तू शेवटाआधी उठतेस," तो म्हणाला, "आणि मी शेवट झाल्यावरही बसतो. नावं संपेपर्यंत. माझं नाव अगदी तळाला असतं, ड्रायव्हर आणि चहावाल्यांच्या आसपास. ते यायच्या आत थिएटरवाले दिवे लावतात. आपलं जमायचं कसं?"

"जमवायचंय कोणाला?" मी म्हटलं. आणि घरी जाताना दोनदा चुकीच्या गल्लीत शिरले.

मग सोमवार मागून सोमवार गेले. आम्ही जुने पाहिले, नवे पाहिले, आणि भांडलो. मला जुने आवडायचे. त्यांत माणसं एकमेकांकडे इतका वेळ बघायची, की मध्ये एक गाणं बसायचं. त्याचं म्हणणं, जुन्यांतला समुद्र म्हणजे टबात हलवलेलं पाणी. "समुद्र कोण बघतंय?" मी म्हणायचे. "मग काय बघतेस?" तो विचारायचा, आणि पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघायचा. मी उठले की तो गुडघे वर घ्यायचा आणि अंधारात मी पडू नये म्हणून कोपराला धरायचा. हळूहळू ते धरणं लांबत गेलं. मी पडणार नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दिवाळीनंतर बाबांचं बोलणं तुटक झालं. शेवटसुद्धा आखूड होत गेले. "वाचलो तो," एवढंच म्हणायचे आणि डोळे मिटायचे. एकदा म्हणाले, "तो पाणीवालो... दाखव तरी माका."

सुबोध शहाळी घेऊन आला. आमच्या एका खोलीत बसायला जागा नव्हती, तर पलंगाच्या कडेवर टेकला. बाबांनी त्याला नीट न्याहाळून घेतलं.

"तू म्हणे शेवटपर्यंत बसतंस."

"हो, काका."

"नावाड्याचो बघितलंस? मगे सांग. येता मा तो परत?"

मी शहाळं सोलत होते, तो कोयता तसाच हातात राहिला. मशीन गुरगुरत होतं. सुबोधने मान खाली घातली आणि चादरीची सुरकुती सारखी करत म्हणाला, "येतो ना, काका. सकाळी. चिखलातून पाय ओढत येतो. बायको पेज वाढते."

बाबा हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले.

जिन्यात मी त्याला गाठलं. "खरं सांग. येतो नावाडी?"

"तू उठून गेलीस. आता मी का सांगू?" तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "दर्शना... आमचं ऑफिस हैदराबादला चाललंय. महिनाअखेर निघायचंय. तू..."

तो पुढे काय बोलणार ते मला कळलं. वर बाबा, इथे हा. कुणाचा हात सोडायचा?

"मशीन बघायला हवं," मी म्हटलं आणि पायरीवर मागे सरकले. त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. माझी सवयच ती, शेवटाआधी उठायची.

तो दोन पायऱ्या उतरला. मग म्हणाला, "जातो मग."

आमच्याकडे कोणी दुकानावर जातानाही 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणावं, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण येऊन करू काय, असं त्याने विचारलं तर?

सकाळी बाबांना चमच्याने पेज भरवत होते.

"गेलो तो? काय म्हणालो?"

"जातो म्हणाला."

बाबांनी घास गिळला. "नावाडी बुडता," ते एकदम म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशी माझी पाळी होती. मी उठलंय, तुझी आवस बसली. शेवटपर्यंत. पाळी करून घराक इलंय तर म्हणता कशी, 'इलो हो नावाडी परत!' आणि डोळे बघशीत तर सुजान असे झालेले."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कित्याक? माझ्यासाठी ती खोटा बोलली... ता माका शेवटापेक्षा बरा वाटला." त्यांनी दम घेतला. "ह्यो पाणीवालो झील पण तसोच. खोटा बोलताना मान खाली घालता. तेका 'जातो' म्हणान जावक दिलंस गो तू?"

मी चमचा वाटीत ठेवला. बाबांनी पेज पुरे म्हणून हात हलवला.

संक्रांतीच्या आधी बाबा गेले. मशीन भाड्याचं होतं, ते माणसं येऊन घेऊन गेली. खोली इतकी गप्प झाली, की मी पंखा मोठा करून बसायचे. सुबोध हैदराबादहून मेसेज करायचा, मी 'ठीक' लिहायचे. बाबांचं त्याला कळवलंच नाही. कळवलं असतं तर तो धावत आला असता, आणि मग परत निघाला असता. दुसऱ्यांदा 'जातो' ऐकायची माझी छाती नव्हती. सिनेमालाही गेले नाही. शेवट सांगणाराच नाही, तर गोष्ट कोणासाठी आणायची?

फेब्रुवारीत सुबोधने पाणी केलेला सिनेमा लागला. समुद्राचा, मोठ्या बजेटचा. सोमवारी पाय आपोआप थिएटरकडे वळले. सिनेमा भिकार होता. पाणी मात्र झकास होतं. लाट उठायची तेव्हा मी खुर्चीचा दांडा घट्ट धरायचे, आणि हे त्याने केलंय, या विचाराने उगीचच छाती फुगायची.

शेवट जवळ आला. मी सवयीने पर्स खांद्याला लावली. पण घरी कोण खोळंबलं होतं? पर्स खाली ठेवली आणि बसले. पडद्यावर हिरो बुडाला, त्याची आई किनाऱ्यावर उभी राहिली, आणि मला भोकाड पसरून रडू आलं. आजवर माझ्या आईला रडू आलेल्या जागी मी कधी पोचलेच नव्हते. माणसं माझ्या गुडघ्यांवरून जात होती. "जरा पाय घ्या," म्हणत होती. मी पाय घेत होते.

नावं सुरू झाली. वरवर सरकत राहिली, शेकड्यांनी. दिवे लागले. तरी मी बसून. पडदा फिकट झाला होता, पण अगदी तळाला ते आलं आणि सरकत वर गेलं. मी तिथूनच फोन लावला.

"नाव दिसलं," मी म्हटलं. "वानखेडेत एक अक्षर कमी आहे."

"तू... बसलीस? मग काकांचा शेवट?"

"बाबा गेले, सुबोध. संक्रांतीच्या आधी."

"आणि मला... दर्शना, मला सांगितलं पण नाहीस?"

"नाही." मी डोळे पुसले. "नावाडी बुडतो ना रे?"

"हो. होडी एकटीच येते."

"बाबांना माहीत होतं. आईने पण तेच खोटं सांगितलं होतं त्यांना. तुझी मान खाली गेली म्हणाले."

"मला वाटलं, जमलं होतं."

"खोटं बोलायला येत नाही तुला. त्या दिवशी जिन्यात एक वाक्य अर्धं ठेवलं होतंस. ते बोल. आता उठत नाही मी."

"आवडतेस मला," तो म्हणाला. "पहिल्या पॉपकॉर्नपासून. तू हैदराबादला ये असं म्हणणार होतो... नको, ते राहू दे. तू काही ठरवू नकोस आत्ता. मी..."

"काय?"

"येतो."

झाडूवाला माझ्या रांगेपर्यंत आला होता. "मॅडम, पाय वर घ्या. पिक्चर संपला."

मी पाय वर घेतले. उठले मात्र नाही.