शिशामागून सोने

वृषालीवहिनीची अंगठी काळबादेवी गावाच्या समुद्रात पडली, ती जागा नीरजाला नेमकी ठाऊक होती. दोघी गुडघाभर पाण्यात उभ्या असताना लाट आली, तोल सावरायला वहिनीने हात झटकला आणि बोट मोकळे झाले. अंगठी वहिनीच्या आईची होती, आणि आई आता नव्हती. वहिनी रडली नाही, पण त्या दिवसापासून ती किनाऱ्याकडे फिरकली नव्हती.

नीरजाची सुनेत्राआत्या सागरवैज्ञानिक. निरोप मिळताच ती 'कुर्ली'ला घेऊन आली. कुर्ली म्हणजे खेकड्यासारखा चालणारा यंत्रमानव. त्याच्या पोटात धातुशोधक (धातू जवळ आला की इशारा देणारे यंत्र) होता.

ओहोटीला कुर्लीने ती जागा विंचरून काढली. मिळाली ती फक्त ॲल्युमिनियमची झाकणे.

"इथेच पडली होती, आत्या. मी पाहिलंय."

"पडली इथे. पण राहिली कुठे, ते समुद्र ठरवतो," आत्या म्हणाली. "आणि परवा उधाण आहे. वाळूची सगळी मांडणी बदलेल. त्याआधी शोधायला हवं."

तिने एका परातीत ओली वाळू पसरली. वर एक झाकण आणि पितळी नट ठेवला आणि पाणी ओतून परात हलवत राहिली. झाकण वरच तरंगत-सरकत राहिले. नट मात्र हळूहळू वाळूत दिसेनासा झाला.

"प्रत्येक हेलकाव्याने वाळूचे कण क्षणभर सुटे होतात. तेवढ्यात जड वस्तू खाली उतरते. हा घनतेचा (तेवढ्याच जागेत किती वजन मावले आहे, त्याचा) खेळ. वाळूचा कण पाण्याच्या अडीच पट जड, तर दागिन्याचं सोनं सतरा-अठरा पट. खालचा कडक थर लागेपर्यंत ते उतरत राहतं."

"मग इथेच खोल खणू या."

"खाली उतरण्याआधी ती बाजूलाही गेली असेल. परतणारी लाट उतारावरून वस्तू आत ओढते. पुढे वाळूचा बांध असतो, त्याच्या अलीकडे चर. चरात पाण्याचा जोर कमी पडतो आणि जड वस्तू तिथे बसतात. पण चर लांबलचक आहे."

नीरजा पाण्याकडे पाहत राहिली. समुद्र इतक्या निगुतीने निवडटिपण करतो, हे तिला आजवर कुणी सांगितले नव्हते. मग तिला मासेमारीची जाळी आठवली.

"आत्या, जाळ्यांची शिशाची वजनं तुटून पडतात ना? शिसंही जड असतं. ती जिथे जमली असतील, तिथेच अंगठी असेल."

आत्याने परात बाजूला ठेवली. मग तिने कुर्लीला नवा हुकूम दिला : सोने नको, शिसे शोध.

कुर्ली चरात उतरला. बराच वेळ नुसता चालला, मग एका वळणावर त्याचा दिवा सारखा लुकलुकू लागला. वाळू उपसून त्याने शिशाचे गोळे वर आणले, मग जुनी नाणी, मग आणखी शिसे. अगदी खाली, शंखांच्या चुऱ्याने घट्ट झालेल्या थरावर, अंगठी आडवी पडली होती.

नीरजा धावत जाऊन वहिनीला घेऊन आली. वहिनीने अंगठी घातली, बोटाभोवती फिरवून पाहिली.

"कुणी शोधली?"

"वाट नीरजानं काढली," आत्या म्हणाली.

वहिनीने नीरजाचा हात धरला आणि दोघी पुन्हा पाण्यात शिरल्या.

बाहेर आल्यावर नीरजाने शिशाच्या ढिगाकडे बोट दाखवले. "याचं काय करायचं?"

"शिसं विषारी असतं. पक्ष्यांच्या, माशांच्या पोटात जातं. आजवर ते शोधायचं कुठे, हाच प्रश्न होता. असे चर नकाशावर आले, तर कुर्लीसारखे यंत्रमानव किनारेच्या किनारे साफ करतील."

"मग पहिला नकाशा इथला करू या," नीरजा म्हणाली. "उधाणानंतर चर कुठे सरकतो, तेही पाहू."

आत्याने कुर्लीच्या पोटातला धातुशोधक सोडवला आणि तिच्या हातात दिला.